देवडीवरचा पहारेकरी

जुन्या वाड्यांना देवडी असे. तेथे पहारेकरी बसे आणि विचारपूस केल्यावाचून तो कोणास आत सोडीत नसे. तसे वाडे आता थोडेच उरले. परंतु पहारेकरी मात्र नव्या रूपाने हजर आहे. मोठ्या कचेरीचा ई-मेल ज्यातून आतबाहेर जातो, त्या गेटवे सर्व्हरचे काम नेमके हेच.

या पहाऱ्याची गरज कशी पडली? ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थुअर्क या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. न मागता आलेल्या ई-मेलचा, म्हणजे स्पॅमचा, हा पहिला नमुना मानला जातो. त्या ओहोळाचा पुढे महापूर झाला. मग पत्रातील शब्द, पाठविणाऱ्याचा पत्ता, आलेला मार्ग हे सारे पारखून संशयाचे गुण देणारी यंत्रे आली. गुण मर्यादेपलीकडे गेले की पत्र अडले!

परंतु या हिशेबात कधी सज्जनही अडकतो. माझ्या आजोबांचे एक बालमित्र हैदराबादेस असतात. दोघांनीही ऐंशी ओलांडलेली. अहमदाबादेस जाताना वडोदरा स्थानकावर घटकाभर भेटावे, असे त्यांनी काकांच्या कचेरीच्या पत्त्यावर लिहिले; तेवढाच पत्ता त्यांना ठाऊक होता. पत्ता अनोळखी, विषयाची ओळ कोरी. पहारेकऱ्याने पत्र बाजूस ठेविले. ते काकांच्या दृष्टीस पडले तिसऱ्या दिवशी. गाडी केव्हाच निघून गेली होती. आजोबा कोणास काही बोलले नाहीत; फक्त ते पत्र दोनदा वाचून दाखवावयास सांगितले.

काकांनी त्याच दिवशी उत्तर धाडले आणि मला एक नवल सांगितले. उत्तर गेटवेतून बाहेर पडताच त्या मित्राचा पत्ता विश्वासूंच्या यादीत आपोआप नोंदला गेला. आपण ज्यास आपण होऊन लिहितो, तो आपला ओळखीचा, एवढे साधे तत्त्व! यापुढे त्यांचे पत्र अडणार नव्हते.

तथापि विश्वास आंधळा असता कामा नये. लिफाफ्यावर कोणाचेही नाव लिहिता येते, ई-मेलचेही तसेच. म्हणून पत्र खरोखर त्या पत्त्याच्या अधिकृत सर्व्हरवरून आले काय, हे चांगला गेटवे आधी पडताळतो आणि ओळखीच्या पत्रातही विषाणूंचा शोध घेतो. आणखी एक मेख आहे. ‘मी रजेवर आहे’ अशी यंत्राने परस्पर धाडलेली उत्तरेही ओळख म्हणून धरली, तर ठकाचेच नाव यादीत शिरेल! तेव्हा माणसाने लिहिलेले पत्र आणि यंत्राने धाडलेले उत्तर यांत भेद करावा लागतो.

मित्रहो, या यंत्राकडून मी एवढेच शिकलो. ओळख बसून राहिल्याने होत नाही. आपण पहिले पत्र लिहावे, म्हणजे दुसऱ्याच्या पत्रास आपले दार उघडे होते. मात्र ज्यास आपण कधीच लिहिले नाही, असाही एखादा आपला माणूस देवडीबाहेर तिष्ठत असेल. म्हणून अडविलेल्या पत्रांवरून रोज एकदा नजर फिरवावी. ते काम पहारेकऱ्याचे नव्हे, घरधन्याचे आहे.