हाक

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त भाच्याचं. तो टेक्सासमध्ये असतो. परवा त्याने एक व्हिडिओ पाठवला आणि खाली एकच ओळ, "मामा, तुमच्या आजोबांची आठवण आली."

व्हिडिओत मिट्ट काळोख. दोन माणसं बंदुका घेऊन झुडपाआड बसलेली. समोर शंभर पावलांवर एक छोटा स्पीकर ठेवलाय आणि त्यातून ससा जिवाच्या आकांताने ओरडतोय. ससा अर्थात नाहीच, नुसतं रेकॉर्डिंग. मग लाल दिव्याच्या उजेडात दोन डोळे चमकतात, पुढे सरकतात, थांबतात... आणि बार. तो प्राणी म्हणजे कायोटी, आपल्या कोल्ह्याचा तिकडचा चुलतभाऊ. दिवा लाल असतो कारण तो उजेड या जनावरांना फारसा जाणवत नाही. तिथे हा चक्क छंद आहे, त्याची वेगवेगळ्या आवाजांची यंत्रं दुकानात मिळतात. गंमत म्हणजे गेल्या शे-दीडशे वर्षांत तिकडे गोळ्या, सापळे, विष सगळं करून झालं, तरी कायोटी कमी व्हायच्या ऐवजी पसरतच गेला. आता तो शिकागो, न्यूयॉर्कसारख्या शहरांतही राहतो!

भाच्याला आजोबा आठवले ते उगीच नाही. आमचं गाव कंधार तालुक्यातलं, मन्याड नदीच्या बाजूचं. आजोबांकडे बारा बोअरची दुनळी होती. निजामाच्या काळात शेताच्या राखणीसाठी म्हणून मिळालेला परवाना, १९४८ नंतरही चालू राहिला. साठच्या दशकात ते रात्री कोल्ह्यामागे जात. कोल्हा काकडीला राजी असं आपण म्हणतो, पण तो काकडीवर थांबत नाही. खरबूज, भुईमूग, ऊस, मक्याची कणसं, आणि जमलं तर शेळीचं करडू.

त्यांच्याकडे स्पीकर नव्हता, पण एक म्हातारा पारधी होता. तो तळहाताची पाठ ओठांना लावून असा काही चित्कार काढायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, सशाचं पिल्लू कुणीतरी धरलंय. दोनदा काढायचा, मग बराच वेळ चूप. आजोबा सांगत, "खरी कला त्या चूप बसण्यात होती." सारखं ओरडणारं पिल्लू खोटं असतं, हे कोल्ह्याला कळतं म्हणे.

फासेपारध्यांची ही विद्या जुनीच. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून रानात ठेवायचा, त्याच्या ओरडण्याने दुसरा नर भांडायला येतो आणि भोवती मांडलेल्या फाशांत अडकतो. हाकेनेच शिकार! पण रानाची इतकी बारीक ओळख असलेल्या या माणसांच्या वाट्याला काय आलं? इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारध्यांवरही तो शिक्का बसला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का गावोगावच्या नजरेतून अजून पुसलेला नाही. मग १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने तर शिकारीचे परवानेच संपले. कायदा योग्यच होता. पण बंदूकवाल्या पाटलाचा छंद गेला आणि पारध्याचं पोट गेलं, हा फरक कुणी लक्षात घेतला नाही. असो.

आजोबांनी १९७२ नंतर कोल्ह्यावर बार टाकला नाही. दुष्काळही तेव्हाचाच, राखायला पीकच नव्हतं! पुढे बंदूक निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि नंतर परत यायची, एवढाच तिचा प्रवास.

आता मुद्द्याचं. आजोबांनंतर परवाना वडिलांच्या नावावर आला. वडील गेल्या वर्षी गेले. बंदूक ठाण्यात जमा आहे. धाकटा भाऊ म्हणतो, वारस म्हणून परवाना मी माझ्या नावावर करून घेतो, दादा, तू ना हरकतीवर सही दे. बहिणीच्या सह्या झाल्यात. राहिलोय मी एकटा, आणि तीन महिने झाले कागद माझ्या टेबलावर आहे.

माझं म्हणणं साधं होतं. आमच्या बांधापलीकडच्या माळावर खोकडाचं बीळ आहे. गावात खोकडालाही सरसकट कोल्हाच म्हणतात, पण हे वेगळं, मांजरापेक्षा जरासं मोठं, झुपकेदार शेपूट, शेपटीचं टोक काळं. ते उंदीर, टोळ, वाळवी आणि बोरं खातं. म्हणजे आपलंच काम फुकटात करतं. कोल्हाही उंदरांवरच जगतो बराचसा. दोघांनाही कायद्याचं संरक्षण आहे. घरात बंदूक आली की एखाद्या रात्री कुणाचा तरी हात शिवशिवणार, ही माझी भीती. हे सगळं मी लातूरला, पंख्याखाली बसून फोनवर सांगितलं.

भाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, मला कोल्ह्याचं काय करायचंय? रात्री दोनला लाईट यायलीय. हरभऱ्याला पाणी द्यायला मी अन सालगडी दोघंच असतो. परवा डुकरांचा कळप पंधरा हातांवर होता. फटाके वाजवले, हलले न्हाईत."

मी गप्प झालो. रानडुक्कर अंगावर आलं तर मांडी फाडून जातं, हे गावात पाहिलेलं आहे. एका रात्रीत कळप अर्धा एकर उकरून टाकतो. नुकसानीचा पंचनामा होतो, भरपाईही मिळते, डुकराच्या पारधीसाठी वनखात्याकडे रीतसर अर्जही करता येतो. पण या सगळ्याला कागद लागतो, आणि डुक्कर येतं रात्री दोनला. शेजारच्या शिवारात लोकांनी यावर काढलेले उपाय भयंकर आहेत. कुंपणात वीज सोडतात, पिठात गावठी बॉम्ब लपवून ठेवतात. त्यात डुक्कर कमी आणि कुत्री, कोल्हे जास्त मरतात, कधी माणूसही. त्यापुढे परवान्याची, नोंद असलेली, काडतुसं मोजून मिळणारी बंदूक बरी, हे मला मान्य करावं लागतं.

तरीही आजोबांचं एक वाक्य भावाला पाठवलं. ते म्हणायचे, "डोळे दिसले म्हंजे जनावर दिसलं असं न्हाई." अंधारात चमकतात ते डोळे वासराचे असू शकतात, कुत्र्याचे असू शकतात. आणि न चमकणारी हालचाल तर सालगड्याची, मोटार बघायला निघालेल्या शेजाऱ्याची. सबंध अंग ओळखू येईपर्यंत आजोबा घोड्याला बोट लावत नसत. त्या व्हिडिओतल्या माणसांजवळ काळोखात स्वच्छ दाखवणाऱ्या दुर्बिणी होत्या. आमच्या भावाकडे तीन सेलची बॅटरी आहे.

नांदेडला गोदावरीजवळ शिकारघाट नावाचा गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगांनी तिथे एका सशाची शिकार करून त्या जिवाला मुक्ती दिली अशी श्रद्धा आहे. आपल्याला कुणाला मुक्ती देता येत नाही. आपल्या हातात फक्त घोडा असतो, नाहीतर घोड्यावरून काढलेलं बोट.

काल रात्री सही केली. सोबत वेगळ्या कागदावर तीन ओळी लिहिल्यात. बार हवेत, डुकरांना हुसकायला. सालगडी रानात असेल तर आधी नाव घेऊन हाक मारायची आणि ओ आल्याशिवाय बंदूक उचलायची नाही. माळावरच्या बिळाकडे नळीचं तोंड कधीच नाही. या कागदाला कायद्यात काही किंमत नाही, ठाऊक आहे. भावाभावांत असावी.

दुपारी त्याचा मेसेज आला : "दादा, बिळात तीन पिल्लं आहेत. बघायला कधी येतोस?"