गर्भसंस्कार नको, गर्भवतीचे ताट भरा

पोटातले बाळ हुशार निघावे म्हणून हल्ली शहरांत गर्भसंस्काराचे वर्ग चालतात. श्लोक ऐका, मंत्र म्हणा, फी भरा. दाखल्याला अभिमन्यूची गोष्ट असतेच. आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथल्या बायकांना हे वर्ग परवडत नाहीत, याचे आम्हाला दुःख नाही. दुःख याचे आहे की बाळाच्या मेंदूला जे खरोखर लागते, तेही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि सतरा-अठरा वर्षांनी त्याच बाळाला विचारले जाते, तुझे मेरिट किती?

मेरिटची चर्चा परीक्षेच्या हॉलपासून सुरू करणे प्रस्थापितांच्या सोयीचे आहे. आपण ती गर्भाशयापासून सुरू केली पाहिजे.

गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बाळाची मज्जानलिका बंद होते. याच नलिकेपासून मेंदू आणि मणका घडतो. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून हवी. पुढे मेंदूच्या पेशींवर मायलिनचे आवरण चढायला लोह लागते, थायरॉइडच्या कामाला आयोडीन लागते, मज्जासंस्थेच्या वाढीला बी-१२ लागते. शेवटच्या तीन महिन्यांत तर मेंदू झपाट्याने वाढतो. पस्तिसाव्या आठवड्यात त्याचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन तृतीयांशच असते.

वारेतून रक्त आणि ऑक्सिजन कमी मिळू लागले की गर्भ स्वतःच काटकसर करतो. पोट, यकृत, हातपाय यांच्या वाट्याचे रक्त कमी करून मेंदूकडे वळवतो. म्हणून अशी बाळे अंगाने किडकिडीत आणि डोक्याने मोठी दिसतात. पण हे संरक्षण अपुरे असते. अशा मुलांच्या मेंदूच्या तपासण्यांत करड्या भागाचे आकारमान कमी आणि जोडण्या कच्च्या आढळल्या आहेत. पुढे लक्ष टिकवणे, आठवण, भाषा यांत ही मुले सरासरीने मागे पडतात. सरासरीने हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे आम्ही परत येऊ.

आपल्याकडचाच पुरावा घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. गर्भवतीच्या खाण्यात पालेभाजी, फळे आणि दूध जितके जास्त, तितके बाळ भरलेले, असे त्यात दिसले. अंगमेहनतीचा भार जास्त असलेल्या बायकांची बाळे लहान भरली. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडली.

आता हे निष्कर्ष ऊसतोडीच्या फडात नेऊन पाहा. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जाणार, म्हणून पोटुशी बाईही डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरते. अंगणवाडी गावाकडे, ती खोपीत. पालेभाजी, दूध कुठले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. हे सगळे अज्ञानामुळे घडते, असे म्हणणे म्हणजे मजुरी, जमीन आणि जात या तिन्ही गोष्टींवर पांघरूण घालणे आहे.

एका वाचनालयात आम्ही हा विषय मांडत होतो, तेव्हा एका तरुणाने विचारले, "ताई, म्हणजे आमची पोरं जन्मतःच ढ असतात का?" सभागृह शांत झाले. प्रश्न रास्त होता, कारण हीच माहिती उद्या मनुवादी आपल्याविरुद्ध वापरू शकतात. बघा, विज्ञानच सांगते, यांची डोकी कमी!

याचे उत्तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच देऊन ठेवले आहे. 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये ते जातीची वंशशास्त्रीय तरफदारी मोडीत काढतात. त्याच ग्रंथात माणसाची कर्तबगारी कशावर अवलंबून असते, हेही सांगतात: शारीरिक आनुवंशिकता, समाजाकडून मिळालेला वारसा आणि स्वतःचे प्रयत्न. गर्भातली खुंटलेली वाढ वरवर पहिल्या खात्यातली वाटते, कारण ती जन्माबरोबर येते. पण आईच्या ताटातली भाजी, तिच्या डोक्यावरचे ओझे, तिची विश्रांती हा सगळा समाजाने दिलेला, किंवा नाकारलेला, वारसा आहे. जन्मासोबत आलेली प्रत्येक गोष्ट रक्तातून येत नाही. ही जखम आहे. जखम कोणत्याही जातीच्या उपाशी आईच्या पोटात होऊ शकते; आपल्या वाट्याला ती जास्त येते, कारण उपास आपल्या वाट्याला जास्त आला.

आणि जखम भरतेही. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या लहान मुलांच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षे दर आठवड्याला जात. आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत. ही मुले बावीस वर्षांची झाली तेव्हा अशी मदत न मिळालेल्या तितक्याच खुंटलेल्या मुलांपेक्षा त्यांची कमाई २५ टक्क्यांनी जास्त होती. म्हणूनच सरासरीवरून एकाही मुलाचे भविष्य ठरवू नये. कमी वजनाच्या बाळाला अंगावरचे दूध, ऊब, गप्पा, गाणी आणि पुढे चांगली शाळा मिळाली तर ते खूप भरून काढते.

मग मागायचे काय? २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायकांना बाळंतपणाचे लाभ देणाऱ्या विधेयकाची बाजू घेतली. आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, असे त्यांनी मांडले. त्याला शतक होत आले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,०००. दुसऱ्या मुलाच्या किंवा तिसऱ्या बाळाच्या मेंदूला लोह लागत नाही काय? अमृत आहार योजनेतले रोजचे गरम जेवण आदिवासी भागातल्या गर्भवतींना मिळते. तेच ऊसतोडीच्या तळावर आणि शहरी वस्तीत का नको?

सरकारकडे मागायचे तसे स्वतःच्या घराकडेही पाहायचे. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडेल म्हणून सुनेला कमी जेवायला सांगणारी घरे आपल्यातही आहेत. मिश्री आहे. अठराच्या आत लग्ने आहेत. सर्वांचे झाल्यावर उरलेले बाईने खायचे, ही रीत तर विषमतेचीच. ती बौद्ध घरात कशी चालते?

आपण गर्भमंगल संस्कार करतो. वंदना घ्यावीच. त्याच दिवशी तिचे हिमोग्लोबिन किती, वजन किती, गोळ्या सुरू आहेत का, हेही विचारावे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा वस्तीतल्या गर्भवतींच्या अंडी-दुधासाठी वेगळा काढावा. 'शिका' हा आदेश पाळायचा तर शिकणारा मेंदू आधी घडू द्यावा लागेल, आणि तो आईच्या ताटावर घडतो.

जय भीम.