बाबांचं टाइमटेबल

न्यू जर्सी ते सॅन फ्रान्सिस्को. कारने. तेही ख्रिसमसच्या सुट्टीत! दादाचा फोन आला आणि मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेत मी उडालेच. माझ्याकडे व्हिसा होता, तिकिटापुरते पैसे होते. मग काय, प्लॅनिंग सुरू!

नकाशावर सगळं सोप्पं असतं. टीनेकला आय-८० पकडायचा, तो थेट सॅन फ्रान्सिस्को. साधारण ४,६०० किलोमीटर. आठ दिवस, म्हणजे रोजचे पावणेसहाशे.

बाबा बाजूला पेपर वाचत होते. रेल्वेत गार्ड म्हणून अख्खी नोकरी झालेली. दादाने तिकडे घर घेतल्यापासून 'जेवलास का?'च्या पुढे त्याच्याशी बोलत नव्हते. पण चष्मा लावून नकाशात डोकावले.

'डिसेंबरात उजेड किती तास?'

जेमतेम नऊ.

'मध्ये बर्फ?'

दादाने फोनवर कबूल केलं. बर्फ आणि वाऱ्यामुळे वायोमिंगमध्ये आय-८० अधूनमधून चक्क बंद ठेवतात.

झालं! बाबांनी वहीच काढली. सॅन फ्रान्सिस्को कॅन्सल, आता लॉस एंजेलिस. दक्षिणेचा आय-४० धरायचा, अमरिलो, अल्बुकर्की करत जायचं. फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर, तिथेही बर्फ, म्हणून एक दिवस राखीव. रात्री ड्रायव्हिंग बंद. दोघं तासभर भांडत होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच, मनापासून!

'बाबा, तुम्हीच या ना गार्ड म्हणून,' दादा म्हणाला.

'या वर्षी नाही,' म्हणत त्यांनी फोन ठेवला.

रात्री पाणी प्यायला उठले, तर कपाट उघडं. बाबा पासपोर्ट शोधत होते.