स्टीम विरुद्ध एपिक : सक्तीचा दरवाजा घर कसा झाला

२८ जानेवारी २०१९ रोजी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात 'मेट्रो एक्सोडस'च्या पानावर एक सूचना झळकली. गेम बाजारात यायला अवघे अठरा दिवस उरले होते आणि कित्येक महिने त्याची आगाऊ विक्री चालू होती. सूचनेचा आशय असा, की प्रकाशकाने हा गेम दुसऱ्या दुकानाला एकहाती दिला असून यापुढे तो इथे विकत मिळणार नाही. ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांना तो मिळेल. पुढे स्टीमने एक वाक्य असेही जोडले होते, की हा निर्णय आपल्या ग्राहकांवर अन्याय करणारा आहे. दुकानदाराने स्वतःच्याच फळीवर अशी तक्रार लिहून ठेवावी, हे दृश्य विरळाच.

ते दुसरे दुकान म्हणजे 'एपिक गेम्स स्टोअर'. ते उघडून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

संताप उसळला. 'मेट्रो' मालिकेतील जुन्या भागांवर शेकडो प्रतिकूल अभिप्राय येऊन पडले. त्या भागांत काहीही बिघडले नव्हते; राग व्यक्त करायला तेवढीच जागा उपलब्ध होती. बहिष्काराच्या शपथा घेतल्या गेल्या. गंमत अशी, की एपिकचा लाँचर फुकट होता, चालवायला तोच संगणक पुरत होता आणि अमेरिकेत तर गेमची किंमत साठ डॉलरवरून पन्नासवर आली होती. प्लेस्टेशनचा गेम खेळण्यासाठी प्लेस्टेशन विकत घ्यावे लागते. इथे फक्त आणखी एक खाते उघडायचे होते. मग एवढा क्षोभ कशासाठी?

उत्तरासाठी पंधरा वर्षे मागे जावे लागते.

गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या दोघांनी १९९६ मध्ये 'व्हॉल्व्ह' ही कंपनी काढली. १९९८च्या 'हाफ-लाइफ'ने तिला नाव मिळवून दिले. 'काउंटर-स्ट्राइक'सारख्या ऑनलाइन गेममध्ये सुधारणा वरचेवर कराव्या लागत आणि त्या प्रत्येक खेळाडूपर्यंत एकाच वेळी पोहोचवणे जिकिरीचे होते. या गरजेतून १२ सप्टेंबर २००३ रोजी 'स्टीम' सुरू झाले. ते तेव्हा दुकान नव्हतेच. सुधारणा पोहोचवणारी आणि फसवणूक करणाऱ्यांना रोखणारी ती एक नळवाहिनी होती. पहिल्याच दिवशी गर्दीने तिचा श्वास कोंडला.

लोकांनी स्टीमचे स्वागत केले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याची करड्या-हिरव्या रंगाची खिडकी उघडायला वेळ घेई, मध्येच अडके, संगणकाची स्मरणशक्ती खाई. मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेंत ज्यांनी 'काउंटर-स्ट्राइक १.६' खेळले, त्यांच्यापैकी अनेकांनी स्टीमचे खाते कधी उघडलेच नाही. कॅफेत चालणाऱ्या प्रती बहुधा स्टीमला वळसा घालूनच आलेल्या असत.

खरी सक्ती आली १६ नोव्हेंबर २००४ रोजी. त्या दिवशी 'हाफ-लाइफ २' प्रसिद्ध झाला. दुकानातून खोका विकत आणला, त्यातील तबकडी संगणकात घातली, तरीही गेम चालेना. आधी स्टीमचे खाते उघडा, इंटरनेटवरून परवानगी मिळवा, मग खेळा. हजारो लोक एकाच वेळी परवानगी मागू लागल्यावर सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजून आणलेला गेम लोकांच्या पुढ्यात निपचित पडून राहिला. एकट्याने खेळायच्या गेमला इंटरनेट कशाला हवे, हा तेव्हाचा प्रश्न अगदी रास्त होता. 'विकत घेतलेली वस्तू वापरायला विक्रेत्याची परवानगी का?' हा त्याहूनही रास्त होता. त्या प्रश्नाला व्हॉल्व्हने कधी थेट उत्तर दिले नाही. गेम इतका अप्रतिम होता, की प्रश्नच मागे पडला.

पीसीच्या जगातील सर्वांत परिणामकारक 'एक्सक्लुझिव्ह' गेम म्हणजे हाच 'हाफ-लाइफ २'. ज्या हत्यारावरून २०१९ मध्ये एपिकला शिव्याशाप मिळाले, ते हत्यार स्टीमने आपल्या जन्मकाळीच वापरले होते. फरक एवढाच, की व्हॉल्व्हने स्वतः बनवलेला गेम स्वतःच्या दरवाजामागे ठेवला, तर एपिकने इतरांचे गेम पैसे मोजून आपल्याकडे वळवले. हा फरक किरकोळ नाही. पण खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर दोन्ही वेळा त्याला न मागितलेल्या दरवाजातून आत जावे लागले.

२००५ पासून स्टीमवर इतरांचे गेम येऊ लागले आणि नळवाहिनीचे दुकान झाले. पुढील दहा वर्षांत त्या दुकानाभोवती एक वस्ती उभी राहिली. मित्रांची यादी आली, गप्पा आल्या, गेममध्ये हौशी लोकांनी केलेले फेरबदल वाटून घेण्याची 'वर्कशॉप' आली, उन्हाळी आणि हिवाळी सेल आले. २०१५ मध्ये परतीचे धोरण आले : चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येऊ लागला. त्याच वर्षी भारतीयांना किमती रुपयांत दिसू लागल्या. स्वस्त आणि सोयीचे दुकान मिळाल्यामुळे कितीतरी जण चोरीच्या प्रतींकडून विकत घेण्याकडे वळले. हे श्रेय स्टीमला द्यावेच लागेल.

प्रत्येक गेमखाली किती तास खेळला ते नोंदलेले असते. कोणाच्या खात्यात 'डोटा २'चे तीन हजार तास, कोणाच्या खात्यात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विकत घेतलेला आणि अजून न उघडलेला गेम. हे खाते म्हणजे एक प्रकारची रोजनिशी असते आणि ती उचलून दुसऱ्या दुकानात नेता येत नाही. २००४ मध्ये ज्या खिडकीवर लोक चिडले होते, तिच्याच आत त्यांचे तारुण्य साठत गेले. २०१९ मध्ये चिडलेल्या अनेकांना तर स्टीमपूर्वीचे जग आठवतही नव्हते. त्यांच्या लेखी पीसी म्हणजेच स्टीम.

आता दुकानाच्या दुसऱ्या बाजूला, विकणाऱ्यांकडे पाहू. गेम शंभर रुपयांना विकला गेला की त्यातील तीस रुपये स्टीमची अडत. खोके, तबकड्या आणि वितरक यांच्या काळात याहून जास्त पैसा मध्येच जिरत असे, म्हणून सुरुवातीला तीस टक्के उदार वाटले. पण २०१७ मध्ये शंभर डॉलर भरून कोणालाही गेम मांडण्याची मुभा मिळाली, नव्या गेमची रीघ लागली आणि लहान निर्मात्यांना वाटू लागले, की गर्दीत आपण दिसतच नाही, मग हे तीस रुपये नेमके कशाचे? ३० नोव्हेंबर २०१८ रोजी स्टीमने अडत कमी केली खरी, पण फक्त मोठ्यांसाठी : एक कोटी डॉलरच्या वरच्या विक्रीवर पंचवीस टक्के, पाच कोटींच्या वर वीस. लहानांच्या वाट्याला काही आले नाही.

चारच दिवसांनी एपिकने आपल्या दुकानाची घोषणा केली. अडत सरसकट बारा टक्के. एपिकचेच 'अनरियल इंजिन' वापरून बनवलेल्या गेमचे पाच टक्के मानधनही त्यातच माफ. 'फोर्टनाइट'ने मिळवून दिलेला अफाट पैसा या औदार्यामागे उभा होता.

मराठ्यांच्या इतिहासात रमणाऱ्यांना ही चाल ओळखीची वाटेल. नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्यांना कौल दिला जाई : येथे येऊन दुकान मांडा, अमुक वर्षे कर माफ. जुनी पेठ कितीही गजबजलेली असली, तरी सवलतीच्या बळावर नवी उभी राही. एपिकच्या कौलात मात्र सवलतीच्या जोडीला एक करार होता. ठरावीक विक्रीची हमी आम्ही आगाऊ भरतो. त्या बदल्यात एक वर्ष, कधी सहा महिने, स्टीमवर यायचे नाही. आणि व्यापारी आले तरी गिऱ्हाइकाला या नव्या पेठेत काय मिळणार होते? सुरुवातीच्या एपिक दुकानात अभिप्राय नव्हते, चर्चेची जागा नव्हती आणि एकाच वेळी अनेक गेम विकत घेण्यासाठी साधी टोपलीही नव्हती. टोपली आली डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. मे २०१९च्या सेलमध्ये तर एकामागून एक झटपट गेम घेणाऱ्यांची खाती संशयावरून अडवली गेली. दुकानाने गिऱ्हाइकाला जास्त खरेदी केल्याबद्दल थांबवावे, याला काय म्हणावे!

एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांचा युक्तिवाद सरळ होता. अडत कमी झाली की निर्माते जगतील, चांगले गेम बनतील आणि अंती लाभ खेळणाऱ्याचाच होईल. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी जाहीरच केले, की स्टीमने सर्व निर्मात्यांना अठ्ठ्याऐंशी टक्के कायमचे दिले, तर एपिक असे करार करणे थांबवील. स्टीमने तसे केले नाही. युक्तिवाद तर्काला पटणारा होता. तथापि त्यात खेळणाऱ्याला आज सोसायचे होते आणि लाभ पुढे केव्हातरी मिळायचा होता.

या रागातील काही भाग न्याय्य होता. 'शेनम्यू ३'साठी २०१५ मध्ये लोकांनी वर्गणी काढून साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली होती. त्यांना स्टीमवरची प्रत कबूल केलेली होती. २०१९ मध्ये कळले, की पीसीवर गेम एपिकवरच येणार. ज्यांच्या पैशातून गेम जन्माला आला, त्यांनाच दिलेला शब्द बदलला गेला. गदारोळानंतर पैसे परत देण्याची तयारी दाखवण्यात आली, पण चार वर्षांची वाट पाहणे कसे परत करणार?

काही भाग मात्र निव्वळ निंद्य होता. 'उब्लेट्स' हा शेती आणि नाचणारे छोटे प्राणी असलेला गोड गेम दोन माणसांचा चमू बनवत होता. २०१९च्या उन्हाळ्यात त्यांनी एपिकशी करार केल्याचे थोड्या थट्टेच्या सुरात जाहीर केले. सूर चुकला, हे मान्य करता येईल. पण त्यावर हजारोंनी शिव्या आणि धमक्या धाडल्या, त्यांच्या तोंडी न बोललेली वाक्ये घालणारी बनावट चित्रे पसरवली. दोन माणसांना पुढची काही वर्षे पगाराची चिंता न करता काम करता येणार होते, एवढाच त्यांचा गुन्हा. एपिकमध्ये चिनी कंपनी टेन्सेंटचा सुमारे चाळीस टक्के वाटा असल्यामुळे हेरगिरीचे आरोपही याच काळात बिनपुराव्याने फिरत होते.

लहान निर्मात्यासाठी असा करार म्हणजे काय, हे समजायला दूर जायला नको. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने भारतीय पुराणकथांवर आधारलेला 'राजी' बनवायला घेतला, तेव्हा २०१७ मधील त्यांची लोकवर्गणीची मोहीम लक्ष्य गाठू शकली नाही. काम पुढे रेटण्यात एपिकच्या अनुदानाचाही हातभार लागला. गेम ऑगस्ट २०२० मध्ये आला, तोही आधी केवळ निन्टेन्डो स्विचवर. पीसीवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. त्या दोन महिन्यांत कोणी पुण्याच्या चमूवर बहिष्काराची शपथ घेतल्याचे ऐकिवात नाही. कन्सोलचा विशेषाधिकार लोकांनी केव्हाच पचवला आहे. पीसीवरचा पचत नाही, कारण पीसी 'आपला' असतो.

एपिकला हा खेळ किती महाग पडला, ते २०२१ मध्ये उघड झाले. एपिकनेच ॲपलवर भरलेल्या खटल्यात कागदपत्रे बाहेर आली. फुकट वाटण्यासाठी घेतलेल्या गेमवर पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर. २०२० साठी विक्रीच्या हमीपोटी कबूल केलेली रक्कम ४४ कोटी ४० लाख डॉलर. २०१९ चा तोटा सुमारे १८ कोटी १० लाख डॉलर. २०२३ च्या अखेरीस दुसऱ्या एका खटल्यात, गूगलविरुद्धच्या, एपिकच्याच अधिकाऱ्याने साक्ष दिली की दुकान अजून नफ्यात नाही.

दरम्यान बाहेर पडलेले एकेक करून परतत होते. २०११ मध्ये स्वतःचे 'ओरिजिन' काढून गेलेली ईए २०१९ मध्ये स्टीमवर आली. एपिकच्या बाजूने गेलेली यूबिसॉफ्ट २०२२ मध्ये आली. 'मेट्रो एक्सोडस' तर फेब्रुवारी २०२० मध्येच, वर्षाचा वनवास संपताच परतला. शपथ घेतलेल्यांपैकी अनेकांनी तो आनंदाने विकत घेतला. २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी चार कोटींहून अधिक लोक हजर असल्याची नोंद झाली. अडत अजूनही तीस टक्क्यांपासूनच सुरू होते. तिच्याबद्दल आणि किमतींवरील बंधनांबद्दल 'वुल्फायर गेम्स'ने २०२१ मध्ये अमेरिकेत खटला भरला. २०२४ मध्ये त्याला सामूहिक दाव्याचे रूप मिळाले. त्या खटल्याची चर्चा खेळणाऱ्यांच्या गोटात 'मेट्रो'च्या दशांशानेही झाली नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टीमच्या टोपलीखाली एक नवी ओळ दिसू लागली. कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्यामुळे विक्रेत्यांना ग्राहकाला काय विकले जात आहे ते स्पष्ट सांगणे भाग पडणार होते. त्या ओळीत म्हटले होते, की ही खरेदी म्हणजे गेम वापरण्याचा परवाना आहे. पोलंडच्या 'जीओजी' या दुकानाने लगोलग टोमणा मारून घेतला, की आमच्याकडची फाइल उतरवून ठेवा, ती कोणी काढून घेणार नाही. स्टीमवर मात्र त्या ओळीखालचे विकत घेण्याचे बटण पूर्वीसारखेच दाबले जात राहिले. 'हाफ-लाइफ २'ची तबकडी हातात घेऊन २००४ मध्ये लोक जो प्रश्न विचारत होते, त्याचे उत्तर वीस वर्षांनी छापून आले होते.