फुल टाइम?

बिस्किटांचे बॉक्स डिझाइन करणं हे माझं काम. पेंटिंग शनिवार-रविवारी. मध्यंतरी एका प्रदर्शनात मैत्रिणीने ओळख करून दिली, “ही आर्टिस्ट.” समोरच्या पेंटरने विचारलं, “फुल टाइम?” मी “नाही” म्हटलं, तर तो नुसता हसला. ते हसू जाम लागलं. रात्री राजीनाम्याचा मेल लिहिला, पण फ्लॅटचा ईएमआय आठवला आणि तो ड्राफ्टमध्येच राहिला.

त्याच आठवड्यात कपाट आवरताना एक हिरवी नोट सापडली. दादाने झुरिकहून आणलेली, 1995 साली निघालेली, आता बाद झालेली 50 फ्रँकची नोट. त्यावर एका बाईचा चेहरा. ही कोण, म्हणून शोधायला बसले, ते पहाटेपर्यंत!

ती सोफी टॉयबर-आर्प. जन्म 1889, दावोस. 1916 ते 1929 अशी तेरा वर्षं ती झुरिकच्या कलाशाळेत टेक्स्टाइल डिझाइन शिकवायची. घर मुख्यतः तिच्याच पगारावर चालायचं. नवरा हान्स आर्प, तोही कलाकार. आणि हीच बाई डाडा या बंडखोर टोळीच्या कार्यक्रमात मुखवटा घालून नाचलीही!

मला वाटलं, नोकरीतून उरलेल्या वेळात चित्रं काढत असेल. छे! कापडात धागे उभे-आडवे. क्रॉस-स्टिचचा टाका घरं मोजूनच घालावा लागतो. तिच्या चित्रांतले चौकोन आणि आयत याच कामातून आलेत. मण्यांची पर्स असो की पेंटिंग, तिने दोन कप्पे केलेच नाहीत.

1926 मध्ये तिला स्ट्रासबुर्गच्या ‘ओबेट’ या करमणूक केंद्राच्या सजावटीचं काम मिळालं. तिने आर्प आणि थिओ फान डूसबुर्गला सोबत घेतलं. त्या कमाईतून पॅरिसजवळ घर बांधलं, आराखडा तिचाच. नोकरी सोडली ती तेव्हा. 1943 मध्ये झुरिकला मुक्कामी असताना शेगडीच्या विषारी वायूने ती झोपेतच गेली. वय अवघं 53.

सोमवारी ऑफिसात बॉक्सचा लेआउट उघडला. उलगडलेला खोका म्हणजे नुसते आयत आणि घड्यांच्या रेषा. तीन वर्षं रोज बघत होते, पण दिसलेच नव्हते. रविवारी तेच कॅनव्हासवर घेतले. चित्र काही ग्रेट झालं नाही. पण पहिल्यांदाच ते दुसऱ्या कुणासारखं वाटलं नाही.

मेल डिलीट केलाय.