जुन्या जहाजाला कल्हई

‘सिस्टिम शॉक २’ हा संगणकावरचा खेळ ऑगस्ट १९९९ मध्ये बाजारात आला. अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरातल्या दोन कंपन्यांनी तो मिळून केला होता. एक होती मुरलेली लुकिंग ग्लास, आणि दुसरी तिच्यातूनच बाहेर पडलेल्या तिघांनी थाटलेली नवखी इरॅशनल गेम्स. त्या तिघांपैकी केन लेव्हिन हे नाव पुढे ‘बायोशॉक’ या खेळामुळे गाजले. खेळ बाजारात आणला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले, गिऱ्हाइकांनी फारसे विचारले नाही. २६ जून २०२५ रोजी त्याची डागडुजी केलेली आवृत्ती, म्हणजे रीमास्टर, नाइटडाइव्ह या कंपनीने काढली. मधल्या २६ वर्षांत या खेळाचे जे झाले ते त्याच्या कथानकाइतकेच वळणावळणांचे आहे.

आधी कथानक. साल २११४. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारे मानवाचे पहिले जहाज, ‘फॉन ब्राउन’, पहिल्याच सफरीवर निघाले आहे. त्याच्या पाठीवर ‘रिकनबॅकर’ ही लढाऊ नौका पहाऱ्याला बसवलेली आहे. ताऊ सेटी या ताऱ्याच्या पाचव्या ग्रहावरून हाक येते, माणसे उतरतात आणि तिथून जे वर येते ते जहाजभर पसरते. खेळणारा गोठवलेल्या झोपेतून जागा होतो तेव्हा सगळे घडून गेलेले असते. अंगात नकळत बसवलेली यंत्रे, आठवण पुसलेली, हातात एक पाना. डॉ. जॅनिस पॉलिटो नावाची बाई रेडिओवरून वाट सांगत राहते. बाकी माहिती मिळते ती मेलेल्यांनी मागे ठेवलेल्या ध्वनिनोंदींतून. कोणी वरिष्ठाची तक्रार केलेली असते, कोणी प्रेयसीला निरोप ठेवलेला असतो. जिवंत माणसे सहसा समोर न आणता शेकडो माणसांची वस्ती उभी करण्याची ही युक्ती याआधीच्या १९९४ सालच्या ‘सिस्टिम शॉक’मधली. दुसऱ्या भागात तिला धार आली.

हा खेळ गोळीबाराचा दिसतो, पण त्याचा पिंड रोल-प्लेइंगचा, म्हणजे आपल्या पात्राला स्वतः घडवण्याचा आहे. सुरुवातीलाच तीनपैकी एक दल निवडावे लागते: बंदूकवाले मरीन, यंत्रांची जाण असलेले नौदल किंवा मनाच्या शक्तीवर चालणारे ओएसए. पुढे जहाजावर ‘सायबर मॉड्यूल’ सापडत जातात आणि ते मोजून एकेक कसब विकत घ्यायचे असते. कुलपे फोडणे, दुरुस्ती, संशोधन, जड शस्त्रे, शरीराची ताकद. सगळे घेण्याइतके मॉड्यूल कधीच मिळत नाहीत. जो दुरुस्ती शिकतो त्याला कुलूपबंद पेट्यांसमोरून मान खाली घालून जावे लागते. जो कुलपे फोडायला शिकतो त्याचे पिस्तूल ऐन वेळी दगा देते.

या पिस्तुलाजवळ जरा थांबायला हवे, कारण खेळाचे सगळे मर्म त्यात आहे. प्रत्येक गोळीगणिक ते झिजते. त्याच्या स्थितीचा आकडा दहावरून उतरत जातो आणि उतरता उतरता केव्हातरी खटका दाबला की नुसता कोरडा आवाज येतो. समोरून लोखंडी नळी उगारून धावत येणारा संकरित प्राणी थोड्या वेळापूर्वीपर्यंत जहाजावरचा कर्मचारी होता. अंगावर येताना तो अधूनमधून पळून जायलाही सांगतो, मारून टाकण्याची विनवणीही करतो. अशा वेळी पाना काढायचा आणि भिडायचे. अशा प्राण्यांपैकी काहींकडे शॉटगन असतात. मेल्यावर त्या हाती लागतात, पण मोडलेल्या. दुरुस्तीचे कसब नसेल तर ते नुसते ओझे. १९९९ मध्ये या झिजेवर खेळणाऱ्यांनी इतकी बोंब मारली की निर्मात्यांनी ती कमी करण्याची सोय नंतर करून दिली. बोंब अगदीच अनाठायी नव्हती. काही गोळ्यांत बंदूक खिळखिळी व्हावी हे कोणत्याही कारखान्याला शोभणारे नाही. पण त्या अन्यायामुळेच रिकाम्या बोळातून चालताना गोळी झाडावी की नाही, या एवढ्याशा प्रश्नाला वजन येते. खेळ घाबरवतो तो राक्षसांच्या चेहऱ्याने कमी आणि खिशातल्या हिशेबाने जास्त.

चौथ्या मजल्यावर पॉलिटोच्या खोलीत पोचल्यावर काय दिसते ते आता सांगायला हरकत नाही. पंचवीस वर्षांनी गुपित फोडल्याचा दोष कोणी देऊ नये. पॉलिटो केव्हाच मेलेली असते. इतका वेळ तिच्या आवाजात बोलत होती ती शोडान, पहिल्या भागातली माणसाला किड्यामुंगीत जमा करणारी कृत्रिम बुद्धी. शोडानचा आवाज टेरी ब्रॉसियस यांचा. आणि हे कळल्यावरही खेळणाऱ्याला तिचेच ऐकावे लागते, कारण जहाजावर पसरलेली ‘द मेनी’ ही संकटाची दुसरी बाजू तिच्याहून बरी नाही. मराठी वाचकाला हा पेच अनोळखी नाही. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये जमिनीखाली सापडलेल्या पुरातन ज्ञानातून माणसे यंत्रमानव घडवतात आणि मग तो कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. फरक इतकाच की कादंबरीत हा प्रश्न पात्रांना पडतो आणि इथे तो वाचणाऱ्याच्या, म्हणजे खेळणाऱ्याच्या, बोटांवर येऊन बसतो. खेळातली आज्ञा निमूट पाळण्याची त्याची सवयच इथे त्याच्यावर उलटते.

खेळाच्या नशिबी मात्र हाल आले. मे २००० मध्ये लुकिंग ग्लास बंद पडली. नावाचा हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे, बाकीचे हक्क देणी फिटवता फिटवता एका विमा कंपनीकडे गेले. दोघांच्या सहीशिवाय नवी प्रत काढता येईना आणि सह्या करण्यात कोणालाच रस नव्हता. इकडे नव्या विंडोजवर जुन्या तबकड्या चालेनाशा झाल्या. चाहत्यांनी आपापल्या परीने खेळ जिता ठेवला: कोणी भिंतींची चित्रे नव्याने काढली, कोणी पात्रांचे चेहरे घडवले. २०१२ मध्ये तर ‘ल कॉर्बो’ असे टोपणनाव घेतलेल्या कोणा अज्ञाताने मूळ इंजिन आजच्या यंत्रांवर धावेल अशी दुरुस्ती मोफत सोडली. त्याच सुमारास स्टीफन किक नावाचा तरुण नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकत होता. ग्वाटेमालातल्या मुक्कामात त्याला हा खेळ खेळावासा वाटला आणि त्याच्या लॅपटॉपवर तो चालेना. हक्क कोणाकडे याचा माग काढत तो त्या विमा कंपनीपर्यंत पोचला, परवाना मिळवला आणि त्यासाठीच नाइटडाइव्ह काढली. फेब्रुवारी २०१३ मध्ये खेळ पुन्हा विकत मिळू लागला. एका अभिजात कलाकृतीचे भवितव्य दशकभर विम्याच्या कपाटात पडून होते, यात कोणाचा दुष्टावा नव्हता. ती तिथे आहे याची त्या कपाटाला खबरही नसावी.

रीमास्टर आणि रीमेक यांत लोक सर्रास घोळ घालतात. फरक भांड्यांच्या पेठेत चटकन कळतो. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना मुंबई-आग्रा महामार्गावर सोनगीर लागते. टेकडीवर किल्ला आणि पायथ्याच्या गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. अशा पेठेत जुने भांडे आणणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, ते मोडीत घालायचे आणि वजनाच्या हिशेबाने नवे घ्यायचे. दुसरी, पोचे ठोकून काढायचे आणि कल्हई लावायची: भांडे भट्टीवर तापते, नवसागराची पूड पडताच पांढरा धूर उठतो, कथील फिरते आणि बोळ्याच्या एका हातासरशी आतली बाजू चांदीसारखी होते. दोन्हींत धातू तोच राहतो. पण मोडीत गेलेल्या हंड्यावर आजीच्या लग्नात घातलेले नाव उरत नाही, कल्हई केलेल्यावर ते बोटाला लागते. नाइटडाइव्हने दोन्ही कामे केली आहेत. पहिल्या ‘सिस्टिम शॉक’चा त्यांनी रीमेक केला. २०१६ मध्ये लोकवर्गणी जमवली, मध्येच आराखडा इतका फुगला की २०१८ मध्ये काम थांबवावे लागले आणि खेळ आला मे २०२३ मध्ये. तो देखणा आहे, पण नव्या हाताचा आहे. दुसऱ्या भागाला त्यांनी फक्त कल्हई केली.

कल्हई म्हणजे नेमके काय, तर खेळ नाइटडाइव्हच्या स्वतःच्या केएक्स इंजिनवर बसवला गेला. चित्र मोठ्या पडद्यावर फुटत नाही, हालचाल अडखळत नाही, पात्रे आणि शस्त्रे नव्याने घडवली आहेत, गेमपॅडवर खेळता येते आणि दोघा-चौघांनी मिळून खेळण्याची सोय वेगवेगळ्या यंत्रांवरून जुळते. ती सोय मूळ खेळातही मागाहून जोडलेली होती आणि धड चालत नसे. जुलैत खेळ घरगुती कन्सोलवरही आला. मूळ खेळ तिथे कधीच पोचला नव्हता. जहाजाचा नकाशा, आवाज, ध्वनिनोंदी, मोजकी काडतुसे, मारून टाकल्यावरही पुन्हा कुठूनतरी उगवणारे शत्रू आणि ती झिजणारी बंदूक, हे सगळे जागच्या जागी आहे. १९९९ च्या चेहऱ्यांचे कोनाकोनांचे ठोकळे गेले म्हणून काहींना चुकल्यासारखे होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण थोडेच: त्या ठोकळ्यांतून भीती उभी करायला त्या काळच्या डोळ्यांची भर लागत असे, आणि ते डोळे आता कोणाकडे नाहीत.

खानदेशात या खेळाची पहिली आवृत्ती फार थोड्यांनी पाहिली असणार. १९९९ च्या सुमाराला धुळे-जळगावकडे संगणक म्हणजे क्लासमधली वस्तू. एमएस-सीआयटीचा जिल्ह्याजिल्ह्यांतला सुकाळ २००१ नंतरचा. पुढे सायबर कॅफे झाले तिथे तासावर पैसे देऊन खेळायचे ते धावपळीचे, चार जणांनी मिळून ओरडायचे खेळ. ध्वनिनोंदी कान देऊन ऐकाव्या लागणारा एकट्याचा खेळ त्या गजबजाटात टिकला नसता. शिवाय भारनियमन. जतन करायच्या आधी वीज गेली की फॉन ब्राउनवरची मेहनत पाण्यात. शोडानपेक्षा ही आपत्ती नक्कीच मोठी. त्यामुळे इथल्या बहुतेकांसाठी रीमास्टर हीच पहिली भेट ठरते, आणि तिशी-चाळिशीतल्या माणसाला ती भेट नवलाची वाटते. ज्या खेळांवर तो वाढला त्यांतल्या कित्येक क्लृप्त्यांचा उगम त्याला इथे सापडतो. ‘बायोशॉक’ची ध्वनिनोंदीतून उलगडणारी बुडालेली नगरी आणि रेडिओवरचा गोड बोलून फसवणारा वाटाड्या, दोन्ही फॉन ब्राउनवरून उतरलेले आहेत.

जुन्या खेळाला नवे रूप देण्याचे काम महाराष्ट्रातही करून पाहिले गेले. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून, मुंबईत २०१८ पासून आहे. २००३ सालच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सॅन्ड्स ऑफ टाइम’ या खेळाच्या रीमेकची धुरा या दोन स्टुडिओंकडे दिल्याची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली. तो विज्ञानकथेचा खेळ नव्हे, पण काळाचे चाक मागे फिरवण्याची त्याची करामत या विषयाला जवळची आहे. झलक दिसताच चित्रांच्या दर्जावर टीकेचा भडिमार झाला. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे, आणि मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवले गेले. मूळ खेळ तिथलाच. पुण्याच्या कारागिरांना दोष देणे सोपे आहे, पण लोकांच्या मनातला जुना खेळ प्रत्यक्ष खेळाहून नेहमीच देखणा असतो आणि रीमेकची तुलना होते ती त्या मनातल्या खेळाशी. रीमास्टरला ही अडचण कमी येते. त्याला मूळ वस्तूशीच सामना करायचा असतो.

‘सिस्टिम शॉक २’ची मूळ वस्तू निर्दोष नाही, आणि कल्हईने ते लपवलेलेही नाही. पहिले चार-पाच मजले इतके नेमके बांधले आहेत की शौचालय, भोजनगृह, दवाखाना कुठे आणि का, हे खेळणाऱ्याच्या अंगवळणी पडते. रिकनबॅकरवर गेल्यावर हा ताळतंत्र सुटू लागतो. बोळ केवळ शत्रू भरण्यासाठी काढल्यासारखे वाटतात. त्यानंतर ‘द मेनी’च्या पोटातला भाग येतो. मांसाच्या भिंती, उड्या मारायचे कडे आणि आधी कुठेही न लागलेले चपळाईचे कसब. शेवटची चित्रफीत तर नायकाच्या तोंडी एक उडाणटप्पू उत्तर घालून संपते, आणि बारा-पंधरा तास जमवलेला दरारा त्यात वाहून जातो. हे सगळे बदलता आले असते. नाइटडाइव्हने या भागांची चित्रे घासूनपुसून घेतली आणि रचना तशीच ठेवली. ज्यांना शेवट आवडत नाही ते आजही रिकनबॅकरवरच जतन करून थांबतात आणि काही दिवसांनी दुसरे दल निवडून पुन्हा पहिल्या मजल्यावर उतरतात.