डब्यातले पाचशे रुपये

मैत्रिणींनो, तुमच्याही मनात अशी एखादी गोष्ट असेल, जी तुम्ही कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या मनात ती अकरा वर्षं होती.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाई डाळीच्या डब्यात घरखर्चाचे पैसे ठेवत. माझ्या धाकट्या भावाची फी भरायची होती, म्हणून मी त्यातले पाचशे रुपये न विचारता घेतले. पगार झाला की गुपचूप ठेवू, असा विचार होता. पण सासूबाईंनी त्याआधीच डबा उघडला आणि संशय गेला धुणीभांडी करणाऱ्या मावशींवर. मी तिथेच पोळ्या लाटत उभी होते. एक शब्द बोलले नाही. मावशींचं काम सुटलं.

पुढच्या महिन्यात तेवढेच पैसे मी चर्चच्या दानपेटीत टाकले. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवू लागले, शुभ शुक्रवारचा उपवास कडक केला. लोक म्हणायचे, सून भारी भक्तिवान! पण प्रभुभोजनाची भाकर हातात घेतली की मावशींचा चेहरा समोर यायचा.

मग पंडिता रमाबाईंविषयी वाचलं. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. एवढं करूनही, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत प्रांजळपणे लिहिलं. मनाची शांती त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी लाभली. मी विचारात पडले. एवढ्या थोर बाईला सत्कर्मांनी जे मिळालं नाही, ते मी उपवासांनी मिळवू पाहत होते!

लूकच्या शुभवर्तमानातली जक्कयाची गोष्ट मी मुलांना कितीदा शिकवली असेल. त्या दिवशी त्यातला क्रम ध्यानात आला. प्रभू आधी त्याच्या घरी गेला. चौपट परत देण्याची भाषा जक्कयाने नंतर केली. म्हणजे क्षमा विकत घ्यायची नसते. ती आधी मिळते, आणि मग खरं बोलायचं बळ येतं.

त्या रात्री मी प्रार्थनेत पहिल्यांदाच 'चूक' न म्हणता 'चोरी' म्हटलं, 'खोटेपणा' म्हटलं. खूप रडले. सकाळी ह्यांना सांगितलं, मग सासूबाईंना. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चल, मलाही यायचंय."

मावशींनी आम्हाला बसा म्हटलं नाही. "त्या महिन्यात माझी आणखी दोन घरं सुटली," एवढंच बोलल्या. आम्ही नेलेले पैसे त्यांनी घेतले, पण माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. का म्हणावं त्यांनी?

केलेल्याचे परिणाम पुसले जात नाहीत, हे खरं. पण पापाची माझ्यावरची सत्ता सुटली. आता काही चुकलं की लपवायची धडपड होत नाही. त्याच दिवशी सांगून मोकळी होते. माझ्या लेखी मुक्ती ती हीच.

तुमच्याही मनात असं काही असेल, तर दानधर्माने ते झाकू नका. आधी प्रभूपाशी त्याचं खरं नाव घ्या. आणि मग त्या माणसाच्या दारी जा, माझ्यासारखी अकरा वर्षं न घालवता.